दोघांनी बघितल्याशिवाय नाही

दुपारी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते, तेवढ्यात फोन आला. "शैलाताई, जोह्यावरनं बोलतोय. दादा गेला." नंदूदादाच्या धाकट्या भावाचा आवाज. मी विचारलं, "कुठे गेला?" ...इतका वेडा प्रश्न मी आयुष्यात कधी विचारला नसेल. जोह्याला गणपतीच्या मूर्तींच्या घरच्या कारखान्यात सकाळी उभा होता, छातीत दुखतंय म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. वय छत्तीस. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, आणि जे मी त्याला कधी सांगितलं नाही, ते आज लिहायला बसले आहे.

पेणच्या बाजारामागे दोन खोल्यांत नंदूदादा संगणकाचा वर्ग चालवायचा आणि रोह्याच्या कारखान्यांना प्रोग्रॅम लिहून द्यायचा. मी वडखळजवळची, मिठागरात राबणाऱ्या माणसाची मुलगी. घरातली पहिली पदवीधर. पदवी मिळाली, पण तिचं पुढे काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नंदूदादाने आधी शिकवलं, मग शेजारची खुर्ची दिली. आज मी जे काही आहे ते त्या खुर्चीमुळे आहे. मी तेव्हा प्रोग्रॅममध्ये आकड्यांना घरातल्या माणसांची नावं द्यायचे, लक्षात राहतात म्हणून. एकदा तो पडद्यासमोर वाकून म्हणाला, "हा बाळ्या कोण गो?"

"बाळ्या म्हणजे एकूण कामगार."

"मग तसं लिव ना! उद्या तू लग्न करून गेलीस, की मी काय बाळ्याला विचारायला वडखळला जाऊ?"

त्या दिवशी त्याने एक दोनशे पानी वही काढली. नावं कशी द्यायची, तारीख कशी लिहायची, जुनी प्रत कुठे ठेवायची... शनिवारी दुपारी वर्ग सुटला की आम्ही भांडायला बसायचो. भांडणच असायचं ते. दोघांना पटल्याशिवाय नियम वहीत चढत नसे. मालक तो होता, तरी त्याचे कितीतरी नियम माझ्या 'नाही'ने अडले. "तुला पटलं नाय तर तू पाळणार नायस, मग लिवून काय उपयोग?" असं म्हणायचा. मिठागरात, शाळेत, कॉलेजात, कुठेही माझं मत कोणी विचारलं नव्हतं. तिथे ते विचारलं जाई.

एका नियमावर मात्र तो वाद घालू देत नसे. जो लिहील त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने बघितल्याशिवाय काम पेणच्या बाहेर जाणार नाही. हे त्याने जोह्यातल्या कारखान्यातून आणलं होतं. तिथे साच्यातून मूर्ती काढणारा तडा चाचपायला तिच्यावर हात फिरवत नसे, शेजारचा फिरवी. "स्वतःच्या मूर्तीचा तडा स्वतःला दिसत नाय," तो म्हणायचा. "डोळे खराब नसतात, माया आडवी येते."

रोह्याच्या एका रंगाच्या कारखान्याच्या दवाखान्यासाठी आम्ही प्रोग्रॅम केला. रंगातलं शिसं अंगात साचतं, म्हणून कोणत्या कामगाराचं रक्त पुन्हा कधी तपासायचं, त्याची यादी द्यायची. तारखा भरायचा भाग नंदूदादाने लिहिला, यादीचा मी. आमचं यंत्र मुळात महिना आधी आणि दिवस नंतर धरायचं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक ओळ घालून ते उलटं करायचं, हा आमच्या वहीतला नियम होता. माझ्या भागात ती ओळ राहिली. तेव्हा गणपतीचे दिवस जवळ आले होते, तो जोह्याला रंगकामात अडकला होता. त्याने फोनवर विचारलं, "कोणी बघितलं का गो? नायतर शनिवारपर्यंत थांब." कारखान्याचा साहेब घाई करत होता, आणि मला एकटीने काम पुरं करून दाखवायचं होतं. मी म्हणाले, "वर्गातल्या सुहासने बघितलं." सुहासने बघितलं नव्हतं. कोणीच बघितलं नव्हतं.

तेरा तारखेपासून पुढच्या तारखा यादीत उमटतच नव्हत्या. दवाखान्यातला कंपाउंडर त्या तारखा जुन्या रजिस्टरवरून हाताने भरायचा. यंत्राचा स्वभावच असेल असं त्याला वाटलं. बारापर्यंतच्या तारखा मात्र दिवस-महिना उलटे होऊन ऐटीत उभ्या होत्या. पांडूकाका नावाच्या कामगाराची तपासणी दहा फेब्रुवारीला होती. यादीने दोन ऑक्टोबर दाखवली. तपासणी झालीच नाही, ते त्याच खात्यात काम करत राहिले. मे महिन्यात चक्कर येऊन पडले. जीव वाचला, पण अंगातलं बळ गेलं, नोकरी सुटली.

चूक उघडी पडल्यावर नंदूदादा आणि मी रोह्याला गेलो. साहेबाने विचारलं, "कोणी लिहिलंय हे?" नंदूदादा म्हणाला, "आम्ही." साहेब म्हणाला, "आम्ही म्हणजे कोण?" तो पुन्हा म्हणाला, "आम्ही, साहेब." परतीच्या एसटीत मी रडत होते. तो खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाला, "मी बघायला पायजे होतं." तेव्हा मी सांगायला हवं होतं. सुहासचं नाव मी खोटं घेतलं, हे एक वाक्य... नागोठणं गेलं, वडखळ आलं, मी उतरले. दुसऱ्या वर्षी मला ठाण्याला नोकरी लागली. माझ्या पहिल्या साहेबाला त्याने फोनवर सांगितलं होतं, "पोरगी भांडते, पण नियमाची आहे." ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं.

तो गेल्यानंतर तिसऱ्या रविवारी मी रोह्याला पांडूकाकांच्या घरी गेले. ओटीवरच सांगून टाकलं, "काका, ती चूक माझी होती. आणि मी खोटंही बोलले होते." त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "नंदूनं सांगितलेलं. त्यानं त्या सुहासला इचारलेलं की. म्हनला, येईल ती कधीतरी सांगायला. आली तर वरडू नको काका, लय दिवस मनात घेऊन बसली असंल."

त्याला माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं... आणि एका शब्दानेही त्याने मला ते जाणवू दिलं नाही. मी ओटीच्या खांबाला धरून रडले. पांडूकाकांची बायको पाणी घेऊन आली, म्हणाली, "रडू नको गो बाय. नंदू गेला ते आमाला पन लय लागलंय. दर खेपेला तोच न्यायचा यांना डाक्तराकडं."

हेही मला ठाऊक नव्हतं. काकांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. डॉक्टरांची तपासणीची कार्डं होती. प्रत्येकावर डॉक्टरांनी पुढची तारीख आकड्यांत घातलेली, आणि तिच्याखाली नंदूदादाच्या गोल अक्षरात तीच तारीख, महिना अक्षरांनी लिहून. एप्रिल. ऑक्टोबर. पुन्हा एप्रिल. शेवटच्या कार्डावर फक्त आकडे होते. काका ते माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ह्याच्यावर त्यानं अजून लिवलं नाय."

मी पेन काढलं. आकड्यांखाली तीच तारीख, महिना अक्षरांनी लिहिली, अक्षर वाकडं आलं. मग कार्ड त्यांच्यासमोर धरलं. "काका, मी लिहिलंय. बरोबर आहे का, तुम्ही बघा."

त्यांनी चष्मा लावला, आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागले.