दोरावरचा चिमटा

आमची कामं झाडं छाटायची असत, तोडायची नव्हे. कुणाच्या पत्र्यावर कललेली फांदी, गच्चीत शिरलेला शेंडा, वाऱ्यानं अर्धी मोडून लटकत राहिलेली डहाळी. भडगावहून सकाळी टेम्पो निघायचा. यजमान गाडी चालवायचे आणि खाली पडलेलं लाकूड तोडायचे, धाकटे दीर झाडावर चढायचे आणि मी सामान सांभाळायचे. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. आता हे काम आम्ही सोडलं. दिरांचे गुडघे दुखतात, आणि मोठ्या गावांत पाळणा लावलेली गाडी येते, तिला कुणी चढायलाच लागत नाही. ते चांगलंच आहे. तरीही कुठे ओल्या कडुनिंबाचा भुसा नाकात गेला की माझे पाय थांबतात.

आधी झाडावर यजमान चढत. पायांत काथ्याचा फास, कमरेला दोराचा वेढा, बाकी सगळं हातांवर. एकदा ते चिंचेवरून पडले, दोन पुरुष उंचीवरून. टाच मोडली आणि त्यांचं चढणं संपलं. दीर म्हणाले, मी चढतो. मी म्हटलं, चढा, पण या दोरावर नाही.

मग पुण्याहून कुरिअरनं सामान मागवलं. कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, जाड दोर, कड्या आणि एक यंत्र. यंत्राचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, आम्ही त्याला चिमटा म्हणायचो. वर ढकलला की तो दोरावरून सरकायचा, वजन पडलं की चावायचा. खाली यायचं तर खटका हळूहळू दाबायचा. सोबतचा कागद मी चित्रं बघत बघत चार वेळा वाचला.

चिमटा आमच्या हातात रुळायला वर्ष गेलं. चढताना तो मागे राहायचा, दर वेळी हातानं वर ढकलावा लागायचा. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्याला बांधली आणि गळ्यात अडकवायला दिली. मग दीर उठले की चिमटाही आपोआप वर यायचा. पायात अडकवायचा पट्टा गावातल्या बॅगा शिवणाऱ्याकडून शिवून घेतला, कारण तो तुटला तर पाय निसटेल, माणूस नाही. ज्यावर जीव टांगलेला असतो ते मात्र गावात शिवायचं नाही, भोक पाडायचं नाही, ठोकायचं नाही. कडीच्या आट्यांवर मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. रेघ दिसली म्हणजे कडी पूर्ण बंद नाही.

दिरांना यातलं सगळं पटायचं असं नाही. खाली येताना चिमटा अडकायचा, त्याचा त्यांना राग.

"वहिनी, हाऊ भलता चावस. जरा कानस मारू का?"

"मारा. मग त्याच कानशीनं तुमची नखं घासते."

आणखी एक नियम होता. चढण्याआधी गुडघाभर उंचीवर दोराला लटकायचं आणि तीन दचके द्यायचे. त्याला ते झोका म्हणायचे. लोकांच्या अंगणात मोठ्या माणसानं असं लटकायचं याची त्यांना लाज वाटायची.

त्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे सगळी हत्यारं धुतली. कुऱ्हाडी, कोयते, करवती पाटावर मांडल्या. तेलाचा हात फिरवला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. चिमटाही हत्यारच, त्याला कसा वगळणार? उलट तो आमचा लाडका. त्याला मी या खेपेला जरा जास्तच तेल लावलं, आतल्या चावणाऱ्या भागालासुद्धा, दागिन्याला लावावं तितक्या काळजीनं. पूजेचं तेल पुसायचं नसतं, म्हणून पुसलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्यात काम होतं. घर एका निवृत्त मास्तरांचं, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर कडुनिंबाची मोठी फांदी आली होती. दोर वरच्या बेचक्यातून ओवून झाला. दिरांनी पट्टा चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही इतली पूजा करी, आज देवच धरी. झोका ऱ्हाऊ द्या ना, वहिनी."

"देव धरेल तेव्हा धरेल. आधी चिमटा धरतो का बघू."

ते कुरकुरतच पट्ट्यात बसले आणि पाय उचलले. चिमटा क्षणभर थांबला, मग घसरला. दीर धुण्याच्या दगडाजवळच्या चिखलात थेट बसले.

"हे तुम्ही वर जाऊन करणार होता का?" नानांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. यजमान लंगडत पुढे आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कानस मारी ना? खरं सांग."

"नही मारी, भाऊ. आईनी आण."

"मंग कसा घसरना?"

दीर चिखलात बसूनच आण घेत राहिले आणि यजमानांना ती पटत नव्हती. मी चिमटा दोरावरून सोडवला. बोटं बुळबुळीत झाली. वास घेतला, शेंगदाण्याचं तेल. आतल्या बाजूला कुंकवाचा चिकट थर होता. पदरानं एकदा पुसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि दीर आयुष्यभर कानशीचे चोर ठरले असते. तरी मला तोंड उघडायला वेळ लागला. वर तीस फुटांवरचं ते बेचकं दिसत होतं.

"त्यांनी काही केलं नाही," मी म्हटलं. "तेल मी लावलं. पूजेला."

यजमानांनी दिरांना हात दिला. दीर उठले, चिखल झटकला.

"मना पोळीवर चमचाभर तूप, अन् चिमटाले वाटीभर तेल! आसं कसं वो, वहिनी?"

आता नाना हसले. त्यांच्या बायकोनं गरम पाणी आणि धुण्याची पावडर आणून दिली. मी जुन्या टूथब्रशनं चिमटा तीनदा घासला आणि उन्हात ठेवला. तेल लागलेला दोर गुंडाळून टेम्पोत टाकला, जादाचा दोर काढला. हे सगळं होईपर्यंत दुपार झाली. चिमटा कोरडा झाल्यावर मी तो नव्या दोरावर चढवला आणि पट्टा दिरांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही.

"आता तुम्ही बसा," ते म्हणाले. थट्टा नव्हती.

इतकी वर्षं मी दुसऱ्याला लटकायला लावत होते, स्वतः कधी बसले नव्हते. माझं वजन त्यांच्यापेक्षा सात-आठ किलोनं जास्तच, त्यामुळे परीक्षा चांगली होणार होती. साडीचा काचा मारला, पट्टे आवळले आणि पाय उचलले. दोर करकरला. शेजारच्या गच्चीवर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. पायांखाली जमीन नसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि ते फक्त गुडघाभर उंचीवर. एक दचका. दुसरा. तिसरा. चिमटा जागचा हलला नाही.

दीर बघत होते, माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, चिमट्याकडे. मग त्यांनी मला खाली घेतलं, पट्टा कमरेला लावला, आणि संध्याकाळच्या आत फांदी उतरवून दिली, एकही पत्रा न फुटता.

पुढे काम सुटेपर्यंत दर झाडाला आधी मी बसायचे, मग ते. अंगणाअंगणांत लोक जमायचे, पोरं दात काढायची, मी बसायचे. दिरांनी चिमट्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. मी तिसरा दचका दिला की ते चढायचे बूट घालायला लागत.