मस्कतची मांडवपरतणी

मस्कतच्या एका दवाखान्यात माझी नर्सची नोकरी पक्की झाली, व्हिसा आला, कंपनीने विमानाचं तिकीटही फोनवर पाठवलं. त्या तिकिटात खोट काढली ती बाबांनी. चष्मा लावून त्यांनी स्क्रीन वर केली, खाली केली, पुन्हा वर केली आणि मला विचारलं, "याच्यात येयाचं कुठी आहे?"

"फक्त जायाचं आहे बाबा."

"म्हंजे परत नाई येनार?"

"येईन ना! दोन वर्षांचा करार आहे. तवा कंपनीच काढून देते."

"मंग आताच काऊन नाई देत?"

इतकी वर्षं खामगावच्या दवाखान्यात काम केलं, भल्याभल्यांच्या न सापडणाऱ्या नसा शोधून सलाईन लावल्या, पण विमानात काही कधी बसले नव्हते. कामासाठी परदेशात जाणाऱ्याला परतीचं तिकीट लागतं की नाही, हा प्रश्न तोपर्यंत माझ्या डोक्यातही आला नव्हता. बाबांनी तो आणून सोडला आणि मग तो जाता जाईना.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, "काही लागत नाही मॅडम, बिनधास्त जा." आता माझा अनुभव असा आहे की ज्याचं आपलं काही जात नसतं तोच दुसऱ्याला बिनधास्त जा म्हणतो. म्हणून मी आमच्या पिंपळगाव राजातच, बाजारात कापडाचं दुकान असलेल्या चाचांकडे गेले. त्यांचा मुलगा दुबईत आहे. चाचांनी कापडाचा गठ्ठा बाजूला सारून मला बसायला जागा दिली आणि हातच जोडले.

"बेटी, वापसीचं तिकीट नसलं तं इमानात चढूच देत नाई. माह्या पोराले काउंटरवरून वापस पाठवलं होतं. सामान घेऊन बाहेर बसला बिचारा. मंग आम्ही इकडून तिकीट काढून धाडलं, तवा गेला."

झालं! कुवेतला असलेल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला तर कोणी काही विचारलंच नाही गं." विमान कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून एक मुलगी बोलली, "ते त्या त्या देशाच्या नियमांवर असतं. आपण तपासून घ्यावं." अगं बाई, तपासायलाच तर तुला फोन केला ना! एवढं मी म्हणेपर्यंत फोन बंद.

खामगावची नोकरी मी सोडून बसले होते. माझ्या जागेवर दुसरी मुलगी रुजूही झाली होती. आता विमानतळावरून कोणी परत पाठवलं असतं तर ना इकडची, ना तिकडची. आणि गावात तोंड दाखवायचं ते वेगळंच, कारण मी एकदा अशी परत येऊन बसलेली आहेच.

ते सांगितलं पाहिजे. माझं लग्न सोनाळ्याला झालं होतं. आमच्याकडे लग्न झालं की मुलीला चार दिवसांत माहेरी परत आणतात. या रीतीला मांडवपरतणी म्हणतात. घरचं माणूस तिला घ्यायला जातं, आणि तो दिवस लग्नातच ठरलेला असतो. माझ्या वेळी बाबा स्वतः जीप करून आले होते, डोक्याला नवा रुमाल बांधून. तेवढी एक गोष्ट रीतीप्रमाणे झाली. पुढे त्या घरात जे झालं ते मी इथे उगाळत बसणार नाही. जेवणाच्या ताटावरून उठवण्यापर्यंत मजल गेली, एवढं पुरे. मी बाबांना फोन केला, "मले घ्याले या." बाबा म्हणाले, "सोयाबीन निघू दे, येतो." सोयाबीन निघालं. मग कापसाची वेचणी लागली. शेवटी मीच एका पिशवीत कपडे कोंबले आणि एसटीत बसले. घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात बैल बांधत होते. "आली का," म्हणाले. आईने चहा टाकला. त्यानंतर आजपर्यंत बाबांनी त्या गोष्टीवर एक शब्द काढला नाही, आणि मीही नाही. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टींचं पीक दरसाल चांगलं येतं.

तर माझी अशी फोनाफोनी चालू असताना बाबा एक दिवस नांदुऱ्याला गेले आणि संध्याकाळी तिकिटाच्या दुकानातून छापील कागद घेऊन आले. मस्कत ते मुंबई. माझ्या नावाचं. तारीख, मी पोचल्यावर साधारण महिन्याभरानंतरची.

मी कपाळाला हात लावला. "बाबा, हे काय करून आले तुमी? महिन्याभरात मी कशी येऊ? महिन्याभरात तं मले तिथलं जेवनबी पचनार नाई!"

"नको येऊ. जोळ ठेव."

"यायचं नाई तं काढलं कायले?"

"दुकानवाल्यानं तारीख इचारली. म्या सांगतली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी घरून निघते तं परत आनाचा दिवस ठरवूनच निघते."

"ते लग्नात बाबा! मांडवपरतणीले! मी काय मस्कतशी लगीन लावून राह्यली का?"

आई तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही, मला राग आला. रागापेक्षाही खरं सांगायचं तर वाईट वाटलं. मला वाटलं, या माणसाला खात्रीच आहे की मी टिकणार नाही. पोरगी एकदा परत आली, पुन्हा येणारच, मग काढून ठेवा तिकीट आधीच! माझ्यावर त्यांचा एवढा भरवसा. आणि तरी एक गोष्ट जुळत नव्हती. टोमणा मारायला कोणी नांदुऱ्यापर्यंत जाऊन तिकीट काढतं का? बाबांना टोमणे मारता येतच नाहीत. ते रागावले तर सरळ शेतात निघून जातात. मी उलटसुलट विचार केला आणि डोक्याचा पार भुगा झाला. चाचांची गोष्ट डोक्यात होती म्हणून तो कागद मात्र नीट घडी करून पासपोर्टात ठेवला. निघताना बाबा म्हणाले, "कोनी काईबी इचारलं तं दोन्ही कागद म्होरं कर." मी हाव म्हटलं.

आणि तसंच केलं. मुंबईच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या साहेबाने फक्त पासपोर्ट मागितला होता. मी शहाणी, व्हिसा, करार, जायचं तिकीट आणि परतीचं तिकीट असं सगळं त्याच्यापुढे पसरलं. त्याने एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"दो साल का कॉन्ट्रॅक्ट, और महीने में वापसी? सच में काम करने जा रही हो?"

"हो. म्हणजे, हां."

"तो फिर ये क्या है?"

हे काय आहे हे मला तरी कुठे कळलं होतं! त्याने मला बाजूला उभं केलं. मागची रांग माझ्याकडे बघत पुढे सरकत होती, आणि मी मनात म्हणत होते, घ्या बाबा, नसलेलं दुखणं आणलं तुम्ही विकत. चाचांचा मुलगा तिकीट नाही म्हणून अडकला, मी तिकीट आहे म्हणून अडकले. थोड्या वेळाने एक मोठ्या हुद्द्याच्या बाई आल्या. त्या मराठीत बोलल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"परतीचं तिकीट तुला कोणी मागितलं?"

"कोणीच नाही मॅडम."

"मग दाखवलंस कशाला?"

"बाबांनी सांगितलं होतं."

त्यांनी करार वाचला, कुठेतरी फोन केला आणि मला समजावून सांगितलं. फिरायच्या व्हिसावर जाणाऱ्याकडे बहुतेक ठिकाणी परतीचं तिकीट मागतात, कारण तो परत येणार हे दिसायला हवं असतं. तुझा कामाचा व्हिसा आहे, तुला याची गरज नव्हती. तेव्हा कुठे उजेड पडला की चाचांचा मुलगा फिरायच्या व्हिसावर गेला असणार, आणि मी मात्र त्याच्या दुखण्याचं औषध खिशात घेऊन हिंडत होते. हे एका वाक्यात सांगणारं माणूस आख्ख्या तालुक्यात मला भेटलं नव्हतं.

"पण वडिलांनी हे काढलंच कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"आमच्यात पोरगी पाठवताना परत आणायचा दिवस ठरवतात," मी म्हणाले, आणि ऐकताना माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद माझ्या हातात परत दिला आणि साहेबाला शिक्का मारायला सांगितलं.

मस्कतचे पहिले आठवडे कसे गेले ते विचारू नका. मोठ्या सिस्टरने सगळ्यांसमोर मला झापलं, भाषा कळेना, जेवणाला चव लागेना. एकदा तर ड्यूटीवरून येऊन मी बॅगेतून तो कागद काढला आणि पलंगावर बसून नुसता बघत राहिले. मनात आणलं असतं तर जाता आलं असतं. मग चिडले. म्हटलं, बाबांना वाटतं ना मी येणार, आता तर मुळीच जाणार नाही! आणि कागद परत ठेवला. मी तिथे टिकले ती त्या तिकिटावरच्या रागाने, की ते तिकीट जवळ आहे या धीराने, हे मला आजही नक्की सांगता यायचं नाही. कधी हे वाटतं, कधी ते.

ती तारीख आली आणि गेली. मी कामावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी फोन लावला तर आईचा आवाज उतरलेला होता.

"तुह्ये बाबा सकाळपासून नांदुऱ्याले गेले होते, स्टेशनावर. मुंबईहून येनाऱ्या साऱ्या गाड्या पाहून आता आले."

"काऊन? मी येऊन राह्यली नाई, हे मी परवाच सांगतलं ना!"

"म्या बी तेच म्हनलं. तूच इचार त्याहिले," म्हणत तिने फोन बाबांकडे दिला.

"बाबा, काऊन गेले होते तुमी? तुमाले माहीत नव्हतं का मी येत नाई म्हणून?"

"हाव, माहीत होतं."

"मंग?"

बाबा म्हणाले, "तिकीट तुह्याजोळ होतं. आलीच असतीस, तं या खेपेले कोनी नको होतं का घ्याले?"

मी ड्यूटीच्या कपड्यात, वॉर्डाच्या दारातच उभी होते. एका हाताने तोंड दाबून रडले, आणि आतून पेशंट हाक मारत होता तरी मला फोन ठेववेना.