कमजोरी

२०१८ साल. मी एकसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच, पण भट्टीचा मिस्त्री होतो. गुढियारीतल्या घरून सायकलने कारखान्यात जायचो. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळत.

शिशानं कामगारांच्या अंगाला काय होतं ते तपासायला एक डॉक्टरीण आली. दोन दिवस येणार होती. ज्याला त्रास असेल त्याचंच रक्त काढायचं, असं ठरलेलं. रांगेत पहिला मी. मी पहिलाच असतो.

"दादा, कमजोरी लगती है?"

मागे हसू फुटलं. आमच्याकडे रेल्वे लाइनीकडच्या भिंतींवर 'कमजोरी' मोठ्या अक्षरात रंगवलेली असते, खाली वैद्याचा पत्ता. ती कमजोरी एकाच गोष्टीची असते.

"मॅडम, चार बच्चे हैं मेरे," मी म्हटलं.

"भैया का तो सवाल ही नहीं," मागचा बॅटरी फोडणारा म्हणाला, आणि स्वतःलाही नाही म्हणून मान हलवली. मग सगळी रांग नाहीच म्हणत गेली. एकाचंही रक्त निघालं नाही.

संध्याकाळी बायकोनं चहा दिला. कप हातातून सुटला. दोन महिन्यांपासून उजवा पंजा मनगटातून लोंबायचा. शर्टाची बटणं तीच लावून द्यायची.

"डॉक्टरीण काय म्हणे?"

"कमजोरी आहे का विचारलं. नाही म्हटलं."

"मग हे काय आहे? मस्ती?"

मी तिला भिंतीवरचा अर्थ सांगितला. ती कपाचे तुकडे वेचत होती.

"अर्थ भिंतीचा घेता अन् हात मले दाखवता. काहून, तिच्यासमोर खिशात ठेवला होता का? बाकीचे काय म्हणाले?"

"नाहीच म्हणाले."

"तुमचं पाहून."

बायकोचं लगेच ऐकायची मला सवय नाही. पण हात गेला की भट्टी गेली, आणि भट्टी गेल्यावर मला मिस्त्री कोण म्हणणार, हे जेवताना डाव्या हातानं घास घेत मीच समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण टेबल मांडून राहिली होती. मी तिच्यापुढे हात लांब केला. पंजा आपोआप खाली पडला.

"कमजोरी इसकी है," म्हटलं. "बाकी सब ठीक है."

मग मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "हाथ-पाँव का पूछ रही है रे. जिसको है, हव बोलो."

बाहीचं बटण मला काढता येईना. ते डॉक्टरणीनं काढलं, आणि पहिलं रक्त मी दिलं.