पक्कं बिल मागायला उदगीरला

लातूरच्या खाटावाल्या चाचांनी मला ठेवून घेतलं, म्हणून माझं बरं चाललंय. आठवीतून शाळा सोडून इस्लापूरहून आलेल्याला दुसरं कोण विचारणार होतं? भूकंपानंतर चाचा पत्र्याच्या घरांचे सांगाडे जोडायचे. पुढं क्लासेससाठी गावोगावची पोरं लातुरात लोटली, तशा होस्टेलांच्या दुमजली खाटा करू लागले. गिऱ्हाईक सांभाळायचं काम माझं.

तेवढ्यात व्हॅटची बातमी आली. लोखंड घेताना भरलेला कर खाट विकतानाच्या करातून वजा मिळणार, पण पक्कं बिल असेल तरच. दुकानापुढं चहावर जणू अर्थखातंच बसलं.

आमचं जुनं गिऱ्हाईक, होस्टेलवाले काका म्हणाले, "हातात आलेला कर सरकार सोडणार? तिजोरीला भोक पडतंय बघा!"

"भोक कशाचं?" चाचा म्हणाले. "आजवर निम्मा बाजार बिनबिलाचा. आता वजावटीच्या लालचीनं जो तो बिल मागंल. एका हातानं सोडून दोन हातांनी गोळा करून राहिलंय सरकार."

"मग तुम्ही मागा की!"

उदगीरच्या लोखंडवाल्या शेठशी चाचांचा सगळा व्यवहार शब्दावर. बिल मागणं म्हणजे शेठच्या इमानावर शंका घेणं. आणि वजावट नाही मिळाली तर आमची खाट बिल घेणाऱ्या शेजारच्या दुकानापेक्षा महाग पडणार, मग पहिला मीच घरी.

शेवटी चाचांनी मलाच धाडलं. शेठ भडकले, "बिल? चाचाचा भरवसा उडाला का माझ्यावर?"

"न्हाई शेठ. चाचांचा तुमच्यावर लई भरवसा हाय. सरकारचा दोघांवरबी न्हाई."

शेठ खो खो हसले. बिल फाडून हातात दिलं, वर कर लावायलाही विसरले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मीबी लोखंडाच्या मिलवाल्याला बिल मागू का रं?"

"मागा की. फकस्त सोता जाऊ नका."

परत आलो तर काका चाचांना शिकवत होते, "एक माणूस कमी करा, भाव आपोआप उतरंल."

"आन् बिलं मागायला कोण जाईल? तुम्ही?" चाचांनी विचारलं. काकांनी चहा संपवला.

मी राहिलो, अजून आहे. चाचांचे गुडघे आता वाकत नाहीत. ऑपरेशनचं काढलं की म्हणतात, "कायको रे, चल रहा है ना." एक दिवस त्यांना हैदराबादला नेऊन दोन्ही गुडघे करून आणणार आहे. त्यांनी नाही म्हटलं तरी.