आबांचं दाभण

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत परवा आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दाभण सापडलं, आणि त्याला अजून येणाऱ्या लोकरीच्या तेलकट वासानं मला वीसेक वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या दवाखान्यात नेऊन बसवलं. राहू गावात ऊस लावायच्या आधी आबांनी अर्धं आयुष्य मेंढरं राखली होती. जठराचा कॅन्सर निघाला, पण ते ऑपरेशनला तयार होईनात. त्यांच्या थोरल्या भावाचं पोट छातीपासून बेंबीखाली फाडलं होतं आणि तो घरी परतलाच नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तसं फाडत नाही, आबा. पोटात गॅस भरायचा, चार-पाच भोकं पाडायची आणि दुर्बिणीनं बघत खराब भाग कापून बोटभर चिरेतून काढायचा." आबा एकदम हसले. "म्हंजी उलटंच की! मेंढरू फुगलं की आमी दाभणानं भोक पाडून वारं काढतो, तुमी भरताय व्हय?" मी ओशाळलो. बाईंनी मात्र खुर्ची जवळ ओढली. "नेमकं कुठं पाडता?" आबांनी माझाच शर्ट वर करून डाव्या कुशीवर बोट टेकवलं. "वाचतात?" "येळंवर गाठलं तर वाचत्यात." "तुम्हीही वेळेवर आलाय, आबा." आबांनी कागदावर अंगठा उठवला. पुढं नऊ वर्षं ते पारावर सदरा वर करून ती भोकं दाखवत राहिले. दाभण मी पुसलं आणि बैठकीतल्या कपाटात, मुलीच्या बक्षिसांशेजारी, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.