मातीच्या हरण्याची खांदेमळणी

केजच्या एस. टी. स्टँडवरून बाजाराकडे निघालं की चपलांच्या दुकानाला खेटून एक काचेचं कपाट लागतं. त्यामागे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस म्हणजे कलीम घड्याळजी. मोबाईल आले आणि लोकांनी मनगटं मोकळी केली, पण कलीमने दुकान काही मोकळं केलं नाही. सासऱ्याने दिलेलं, बंद पडलेलं घड्याळ घेऊन लोक आजही त्याच्याकडेच येतात. दुरुस्त झालेलं घड्याळ तो उजेडात धरून फिरवून दाखवतो. काचेवर, तबकडीवर, आतल्या चाकांवर कुठेही बोटाचा ठसा नसतो. त्याचा बाप म्हणायचा, घड्याळाला हात लागलाय हे कळता कामा नये, मगच तो घड्याळजी. कलीमने ते आयुष्यभर पाळलं, आणि त्याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

अशा माणसाला सिनेमाचा नाद लागला तो लॉकडाऊनमध्ये. दुकान बंद, हात मोकळे. मुलगी उज्मा तेव्हा कॉलेजात होती. तिने आपला जुना मोबाईल त्याला दिला आणि दाखवलं, की एखादी वस्तू तीळभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा तीळभर सरकवायची, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर पळवले की वस्तू आपली आपण चालते. कलीमने त्याच दुपारी घड्याळाची चार चाकं जेवणाच्या पाटावर एकामागोमाग चालवली. घरात हसू झालं. पण कलीम हसला नाही. बंद पडलेलं घड्याळ पहिल्यांदा टिकटिकतं तेव्हा त्याचा जसा चेहरा होतो, तसा झाला होता.

मग तो या विद्येच्या मागेच लागला. उज्मा वाचून दाखवायची आणि तो ऐकायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परमुलखात एकाला किड्यांची झुंज टिपायची होती. दिव्याच्या उजेडात किडे काही लढेनात, म्हणून त्याने मेलेल्या किड्यांना तारेचे पाय लावले आणि फोटो-फोटोने लढवलं. बघणाऱ्यांना वाटलं, हे किडे शिकवलेले आहेत. आपल्याच महाराष्ट्रात एकाने कुंडीत वाटाणा पेरून कॅमेरा रोखला, आणि महिनाभराचं वाढणं मिनिटभरात दाखवलं. परमुलखातल्याच आणखी एकाने प्रचंड वानराची केसाळ बाहुली केली. ती दर वेळी हाताळताना बोटांनी केस विसकटायचे, आणि पडद्यावर वानराचे केस सारखे हलत राहायचे.

"लोकांना वाटलं, वानर रागानं फुललंय," उज्मा म्हणाली.

"आपल्याकडं असं चालणार न्हाई," कलीम म्हणाला. "ठसा दिसला म्हणजे काम कच्चं."

पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने मातीची कोंबडी चालवली, सुईला कापडातून पळवलं, चहाच्या कपाला गिरकी घ्यायला लावली. गल्लीला वेड लागलं. लग्नाच्या वरातीत नवरदेवाचा मातीचा घोडा नाचवून दे म्हणणारेही निघाले. पण हा पी हळद आणि हो गोरी असला धंदा नाही. एका सेकंदाला बारा फोटो. मातीच्या कोंबडीने एक दाणा टिपायचा तर दुपार जाते. मागणारे दोन दिवस थांबत आणि पांगत.

गेल्या वर्षी मागच्या घरातल्या धोंडीरामकाकांचा बैल गेला. हरण्या, लाल कंधारी जातीचा, म्हातारा होऊन दावणीलाच गेला. जमिनीला ट्रॅक्टर कधीचाच आला होता, हरण्या होता तो केवळ धोंडीरामकाकांच्या मायेवर. त्यानंतरच्या पोळ्याला काकांनी रिकामा खुंटा धुतला. कलीमला ते बघवलं नाही. तो भिंतीवरून म्हणाला, "काका, पुढच्या पोळ्याला तुमचा हरण्या चालून दाखवतो." काकांनी नुसती मान हलवली. दिलेला शब्द घेणाऱ्याने मनावर घेतलाच नव्हता. देणाऱ्याने मात्र घेतला.

आणि त्याच हिवाळ्यात कलीमचा उजवा हात कापायला लागला.

आधी चहा बशीत सांडू लागला. मग चिमट्यातला स्क्रू उडू लागला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या, धीर दिला, आणि हे हळूहळू वाढत जाणार हेही सांगितलं. घरात फक्त बायकोला, रहेमतबीला ठाऊक होतं. नोकरीला बाहेरगावी गेलेल्या उज्माला सांगितलं नाही. गिऱ्हाईक समोर आलं की कलीम उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा आणि डाव्या हाताने घड्याळ घ्यायचा. बारीक काम असलं तर "परवा या" म्हणायचा. ज्या हातावर जन्म काढला तोच चारचौघांत लपवायची पाळी आली. रहेमतबी एकदा म्हणाली, "आता राहू द्या ते बैलाचं. कुणी मागायला आलंय का?"

"हे एक होऊ दे," कलीम म्हणाला. "यानंतर हातानं काही बारीक होणार न्हाई. हे शेवटचं नीट होऊ दे."

पोळ्याआधी तीन महिने त्याने कामाला हात घातला. क्लचची जुनी तार पिळून सांगाडा केला. शेतातली माती वस्त्रगाळ करून मेणात आणि तिळाच्या तेलात मळली, म्हणजे ती वाळायची नाही. गेरूने तांबूस रंग दिला. मागच्या खोलीच्या खिडकीला वाकळ लावली, दुकानातले दोन दिवे आणले आणि पाटावर धोंडीरामकाकांचं अंगण मांडलं. खुंटा, दावण, उंबरा, सगळं. रोज दुपारी दुकान बंद करून तो खोलीत शिरायचा. डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा आणि हरण्याचा पाय तीळभर उचलायचा. तरी बोट घसरायचं, मातीवर ठसा उठायचा. लाकडी सळईने तो पुसायला जावं तर दुसरा उठायचा. गोळी घेतल्यावर तासभर हात जरा ऐकायचा, त्या तासात एखाद्या सेकंदाचं काम झालं तर झालं. पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत हरण्या उठला होता, मान झटकली होती आणि अंगण ओलांडून उंबऱ्यापासून चार पावलांवर आला होता. एक पाय हवेत होता. शेवटची चार पावलं तेवढी राहिली होती.

कलीम असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजला गेला, आणि मागच्या दाराने काकू, म्हणजे धोंडीरामकाकांच्या पत्नी तुळजाबाई, आल्या. त्यांच्या हातात लोण्याची वाटी होती आणि लोण्यात हळद कालवलेली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तेवढा एक दिवस मान. काकूंनी चाळीस वर्षं ही रीत चुकवली नव्हती, गेल्या वर्षी चुकली. त्या घरात बैल नव्हता, पण कलीमकडे एक आहे हे त्यांनी ऐकलं होतं. सिनेमा-बिनेमा त्यांच्या गावी नव्हता. त्यांनी हरण्याला पाटावरून उचललं, मांडीवर घेतलं आणि दोन्ही खांदे असे मळले की मेणाची माती लोण्यासारखीच झाली. रहेमतबीने वाटी धरली होती. शेजारणीच्या सणाला नाही कशी म्हणणार?

कलीम आला तेव्हा काकू अजून तिथेच होत्या आणि हरण्या पाटावर कलंडला होता. खांदे पिवळे, वशिंड चपटं, हवेतला पाय खाली. तीन महिने फोटोगणिक जपलेली त्याची जागा मोडली होती. कलीमने आधी काय केलं, तर खोलीच्या दाराला कडी घातली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच.

"काकू, कावून हात लावला?" एवढंच तो बोलला.

"आवतन न्हाई दिलं तर उद्या जेवायला कसा येईल रे तो?" काकू म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून त्यांचाही उतरला. "लई बिघडलं का?"

पहिल्यापासून करायचं तर हात साथ देणार नव्हता, आणि दिवसही उरला नव्हता. पिवळे खांदे पुसावेत तर माती निघून येणार. दुसरा असता तर त्याने काकूंना चार शब्द सुनावले असते आणि अंथरूण धरलं असतं. कलीमने वशिंड डाव्या हाताने वर ओढलं, हरण्याला अंदाजाने जागेवर उभं केलं आणि म्हणाला, "काकू, बसा. तुमी खांदे मळले, आता सिनेमातबी तुमीच मळा."

मग त्या संध्याकाळी जे झालं ते मला फार मोठं वाटतं. काकूंचा कापूस वेचून घट्टे पडलेला हात कॅमेऱ्यासमोर आला. तीळभर पुढे, थांब, फोटो. तीळभर पुढे, थांब, फोटो. काकूंना एकदा सांगितलं ते पुरलं. त्यांचा हात दगडासारखा स्थिर राहायचा, आणि त्याच्या शेजारी हरण्याची मान वळवणारा कलीमचा हात थरथरायचा. तिथे लपवायला मांडी नव्हती.

"हात कावून कापतो रे?"

"असंच, काकू."

काकूंनी आपला हात तीळभर पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "माझ्या सासूचा कापायचा. धार काढायची तर एक थेंब भुईवर न्हाई पडायचा."

दिवेलागणीपर्यंत काकूंचा हात हरण्याच्या खांद्यावरून फिरून बाहेर गेला होता. उरलेली चार पावलं कलीमने पोळ्याच्या सकाळी एकट्याने चालवली.

दुपारी धोंडीरामकाकांच्या घरी टीव्हीला मोबाईल जोडला. उज्मा त्याच सकाळी सणाला म्हणून गावी आली होती, तिने तो जोडून दिला. समोर पुरणपोळीचं ताट, पलंगावर काका. कलीम दाराशी बसला, उजवा हात मांडीखाली.

हरण्या उठला. त्याने मान झटकली. आणि कलीमला तेच दिसलं ज्याची त्याला भीती होती. मोबाईलवर लपलेलं इथे हातभर मोठं झालं होतं. हरण्याचं अंग सारखं शहारत होतं. पाठ, मान, आणि खांद्यावर तर सगळ्यात जास्त. फोटोगणिक बदललेला प्रत्येक ठसा, घसरलेलं प्रत्येक बोट. बापाने शिकवलेलं सगळं मातीत गेलं, असं त्याला वाटलं. काकूंचा हात आला, खांदे पिवळे झाले, तरी ते थरथरणं थांबलं नाही. हरण्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला आणि चित्र तिथेच थांबलं.

"काका, ते अंग हलतंय ना," कलीम खाली बघत म्हणाला, "ते माझं..."

"गप," धोंडीरामकाका म्हणाले. त्यांनी डोळे पडद्यावरून काढले नाहीत. "पुन्हा लाव गं पोरी."

उज्माने पुन्हा लावलं. हरण्या चालत आला. काका पलंगावरून उठून टीव्हीजवळ गेले.

"माशी बसलीय त्याच्या खांद्यावर," ते म्हणाले. "बघ, कातडं कसं थरथरवतोय. त्याला लई राग यायचा माशीचा. असंच करायचा, असंच." आणि त्यांनी हात उचलून हरण्याच्या पिवळ्या खांद्यावरून, काचेवरून, माशी हाकलली. एकदा, दोनदा.

काचेवर त्यांच्या तूप-पुरणाच्या बोटांचे चार ठसे उमटले. कलीमने मांडीखालचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर तसाच कापत गुडघ्यावर ठेवला.