बेलला हात न लावण्याचा ठराव

प्रधानसाहेब आपल्या बंगल्यात स्टुलावर उभे होते, दातात वायर धरून. मी खाली खुर्चीत, हात मागे बांधून. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिकल खात्याचे इंजिनीअर आणि मी त्यांच्या हाताखालचा वायरमन. तरी त्या रविवारी काम ते करत होते आणि मी बघत होतो.

कारण माझंच पत्रक. साहेब लोक कामगारांना बंगल्यावर बोलावून फुकट कामं करून घेत. कुंपण बांध, पंखा पूस, बाजारातून पिशवी आण. याविरुद्ध गेटवर सभा झाली आणि ठराव झाला की अधिकाऱ्याच्या घरच्या कामाला कामगार हात लावणार नाही. ठरावाचा मसुदा मी लिहिला. त्यात ‘वेठबिगारी’ हा शब्द चार वेळा होता.

आठवड्याच्या आत साहेबांनी मला विचारलं, घरी बेल लावून देशील का? मला कायम करायचा कागद तेव्हा त्यांच्याच टेबलावर होता. मी छाती काढून ठराव सांगितला. साहेब शांतपणे म्हणाले, “बरं. मी लावतो. तू नुसतं सांग. सांगायला बंदी आहे का?”

मी खिशातून ठरावाचं पत्रक काढून वाचलं. नव्हती.

म्हणून मी खुर्चीत होतो. कंपाउंडच्या भिंतीवर मोरिवलीचे धर्मादादा पाटील बिडी ओढत बसले होते. आमच्याच खात्यात हेल्पर. मी ठराव पाळतो की नाही हे बघायला बाकीच्यांनी त्यांना पाठवलं होतं.

“पक्कड उलटी धरलीय साहेबांनी,” ते मला म्हणाले.

“मला दिसतंय. मी सांगितलंय.”

“मंग आता बघत बस.”

बेल साहेबांनी उल्हासनगरच्या कॅम्पातून आणली होती, एका सिंधी दुकानदाराकडून. मिलिटरीचा माल आहे, अख्खी पलटण उठेल, असं त्यानं सांगितलं होतं. अशी बेल सेलवर चालते. पुश, म्हणजे दारावरचं बटण, दाबलं की करंट गुंडाळीत जातो, गुंडाळीचं लोहचुंबक होतं, ते हातोडीला ओढतं आणि हातोडी वाटीवर आपटते. ओढली जाताना ती स्वतःचाच करंट तोडते, म्हणून मागे येते आणि पुन्हा ओढली जाते. हे सगळं साहेबांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. कागदावर त्यांनी सुंदर आकृती काढली होती. भिंतीत खिळा मात्र तीनदा वाकला.

मी मधे प्रधानबाईंकडे पाणी मागितलं. त्या समोरून निघून गेल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी मनात नोंद केली की साहेबाची बायकोही शेवटी साहेबच. पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य तिथंच जुळलं.

दोन तासांनी पुश दारावर बसला, बेल स्वयंपाकघरात बसली. साहेबांनी पुश दाबला. आत बेल खणखणीत वाजली. मी खिडकीतून बघत होतो. बाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

साहेबांनी आणखी दोन सेल जोडले. बेल दुप्पट वाजली. शेजारचं कुत्रं भुंकलं. बाई पोळी लाटत राहिल्या.

साहेब माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “टायफॉइडनंतर हिला ऐकू येईनासं झालं. दिवसभर घरात एकटी. गेल्या आठवड्यात भावाची तार आली. तारवाला दार ठोकून ठोकून परत गेला. तार मिळाली तेव्हा भाऊ गेला होता.”

 पत्रकाचं जुळलेलं वाक्य मी मोडून टाकलं.

साहेब एकदम उठले. सेलच्या वायरी काढून घरच्या लायटीच्या बोर्डाकडे निघाले. दोनशेतीस व्होल्ट दिल्यावर तरी ऐकू येईल, म्हणाले. मी हादरलो. पुश पितळी होता. भिजल्या हातानं कुणी दाबला असता तर पुढची तार घेऊन येणारा उंबऱ्यातच आडवा झाला असता. आणि बेल जळाली असती ते वेगळंच. इतका शिकलेला माणूस बायकोच्या काळजीत हे विसरला होता.

मी खुर्चीतून उठलो आणि त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतली.

भिंतीवरून धर्मादादा म्हणाले, “हात लावलास रं.”

“लावला.”

“मंग नीट तरी लाव.” बिडी विझवून ते आत आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बेलकडे पाहिलं. “हिचा आवाज बारीक. जाड पायजे. आमच्या म्हातारीला हाक ऐकू येत नाय, पन शेतात पाखरांवर डबा बडवला का घरातून वरडते, हलू वाजव म्हनून.”

रॉकेलचा रिकामा डबा मोरीत होता. बेलची वाटी काढून टाकली आणि हातोडी सरळ पत्र्यावर बसेल असा डबा भिंतीला ठोकला. डबा धर्मादादांनी धरला, खिळे मी मारले आणि सेल पुन्हा जोडले. साहेबांनी पुश दाबला. अख्खी भिंत थरथरली. फळीवरची भांडी नाचली. बाईंनी लाटणं टाकलं, पदर सावरला आणि त्या सरळ दाराकडे गेल्या. दारात नवरा उभा बघून विचारलं, “कोण आलंय?”

साहेबांनी पुश पुन्हा एकदा दाबला. 

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी स्वतः उभा राहून कबुली दिली. मागून कुणी म्हणालं, बेल लावली, आता कायम होणार. धर्मादादा उठले. “डबा मी धरला. मला कशात कायम करनार? मी सहा वर्सं कायमच हाय.” लोक हसले, पण मला सोडलं नाही. सहा महिने मसुदा लिहायची बंदी झाली. ठरावात दुरुस्ती झाली की जिवाला धोका दिसला तर हात लावावा. ती दुसऱ्या कुणीतरी लिहिली आणि माझ्याहून थोडक्यात लिहिली.

कायम होण्याचा कागद साहेबांनी सही न करता वर पाठवला. ज्यानं माझ्या घरचं काम केलं त्याच्या कागदावर मी सही करणं योग्य नाही, असा शेरा मारून. वरच्या ऑफिसात तो चार महिने पडून राहिला. तत्त्वाची माणसं फक्त आपल्या बाजूला असतात, असं मला तोवर पत्रकं वाचून वाटत होतं.